खालच्या दोन पायऱ्या

रविवार, ९ मे

चि. ठमाबाईंस,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे. माझा गुडघा हवामानवाल्यांच्या आधी पाऊस सांगतो, तेवढं सोडलं तर तक्रार नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र दूधवाल्याच्या हाती देते. त्याने उघडून वाचलं तरी चालेल, गल्लीला सगळं ठाऊकच आहे.

आपल्या दोन घरांमधली पायवाट मी तार लावून बंद केली, ती रागाने केली असं तू सांगत फिरतेस म्हणे. अगं, इतकी वर्षं उतारांवर गवत लावायचं काम करतेय मी. आपली वाट नाकासमोर सरळ खाली जाते. जाऊन-येऊन तिथलं गवत मेलं, माती उघडी पडली, आता पाणीही तिथूनच धावतं. गेल्या पावसात केवढी घळ पडली ते तू पाहिलंस. ती रुंदावली तर माती कुणाच्या घरावर येईल? माझ्या नाही, मी वर आहे.

हेच मागे सांगायला आले, घळीखालची तुझी मागची खोली रिकामी कर म्हटलं, तर तू म्हणालीस, "तुला आम्ही इथे नकोच आहोत. पुन्हा माझ्या अंगणात पाय टाकू नकोस." करायला गेले एक नि झालं भलतंच! मीही हट्टी. टाकला नाही.

आता घळीत आडवे बांबू ठोकलेत, मध्ये गवताचे ठोंब लावलेत. मुळं धरायला दोन पावसाळे तरी लागतील. तोवर लेकीची खाट मागच्या खोलीतून पुढे घे. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, पण खाट हलव. आभाळ भरून आलं की मी रात्रीची उठून कंदील घेऊन घळ बघून येते गं.

नवी वाटही काढलीय. तिरकी, वळणावळणाची, दगडी पायऱ्यांची, कडेने पाण्याला नाली. उतरायला वेळ लागतो, पण माती जागची हलत नाही. सगळी झाली, फक्त खालच्या दोन पायऱ्या राहिल्यात. त्या तुझ्या अंगणात, धुण्याच्या दगडापाशी येतात. त्यांचे दगड तुझ्या कुंपणाशी आणून ठेवलेत. न विचारता मी आत येणार नाही.

रोज संध्याकाळी तिथवर उतरते. एक हाक मार.

कुंपणाबाहेर थांबलेली,
तुझी ताई