सुनीताचा बिल्ला

बुधवार, संध्याकाळ

सुनीताला विद्यार्थी प्रतिनिधी करा म्हणून शाळा चालवणाऱ्या सिस्टरांच्या मागं मीच लागले होते. किनवटकडच्या गोंडगुड्यातली, गोंडांच्या पाड्यावरची पोरगी, आमच्या मिशनच्या वसतिगृहात राहते. बिल्लाही मीच लावला तिच्या ओढणीला. तेव्हा केवढं काम केल्यासारखं वाटलं होतं मला.

गेल्या आठवड्यात सिस्टर म्हणाल्या, बिशप येणार आहेत, गुड्यावरचा ढोल आणून मुलींचा नाच बसवा. सुनीता उभी राहिली. "सिस्टर, दिवाळी झाली की ढोल देवापाशी ठेवतेत. पुढल्या सालापर्यंत कुणी हात लावत न्हाई." प्रतिनिधी म्हणून पहिल्यांदाच बोलली असेल ती. सिस्टर हसून म्हणाल्या, मग रेकॉर्ड लावू. सिस्टर वाईट नाहीत. तापात पोरींच्या उशाशी बसतात. त्यांना काय सांगायचं?

आज नांदेडहून भाड्याचे कपडे आले. हिरव्या कापडी पानांचे घागरे, पानांचीच पोलकी. सुनीता माझ्याकडं बघत म्हणाली, "आमची आई लुगडं नेसून नाचती, मॅडम." आणि मी काय म्हणावं? म्हणाले, एकाच दिवसाचं तर आहे. का म्हणाले असं?

तालमीला ती सगळ्यांच्या पुढं उभी होती. बिल्ला दिसला नाही, म्हणून विचारलं.

"पेटीत ठेवलाय. ह्या पानांवर कुठं लावू, मॅडम?"

रागानं नाही, खरंच विचारत होती.