तुला पिवळं कधीच दिसायचं नाही

प्रिय ताई,

पत्राच्या माथ्यावर तुझं क्षेम विचारायचं की नाही, ते कळेना, म्हणून तेवढं सोडून देते. तुला लिहून उपयोग काय, हेही कळतं मला. पण आज मी बाबांना "नाही" म्हटलं, आणि ते काऊन म्हटलं हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू? आई तर सकाळपासून माझ्याशी बोलून नाही राहिली.

गोष्ट अशी. तू गेलीस त्याला दीड वर्ष झालं. तुझी चिमी आता दुडूदुडू पळते. मुर्रीहून तुझ्या सासरच्यांचा निरोप आला, की भाऊजींचं दुसरं लग्न करायचंच आहे, तर परकी पोर आणण्यापेक्षा तुमची धाकटीच द्या. चिमीला मावशीच आई होईल. घरात सगळ्यांना पटलं. सोय किती छान, नाही? एक बहीण गेली, दुसरी हजर!

रागावू नकोस. चिमीला पाहिलं की तिला उचलून कडेवर घेतल्याशिवाय मला राहवत नाही गं. मी मनातून "हो" म्हणायच्याच तयारीत होते.

काल भाऊजी चिमीला घेऊन आले, आणि आई आम्हा सगळ्यांना रेल्वेच्या बगीच्यात घेऊन गेली. तुझ्यानंतर मी तिथे पाय ठेवला नव्हता. वैशाखाचं ऊन, गवत सगळं करपलेलं. पण माळ्यानं वाफ्यात पाणी सोडलं होतं आणि त्या ओल्या मातीवर फुलपाखरं येऊन बसली होती, आपण पाहायचो तशीच. बहावा तर असा फुलला होता की बघत राहावं.

आपला खेळ आठवतो? पिवळं फुलपाखरू जिला आधी दिसेल, तिला आधी हळद लागणार! मी बगीचा डोक्यावर घ्यायची, "मला दिसलं, मला दिसलं!" आणि तू? आंब्याच्या खोडाला चिकटलेलं मातकट फुलपाखरू तू लांबून ओळखायचीस. वाळक्या पाचोळ्यात दडलेलं बोटानं दाखवायचीस. पण पिवळं अगदी डोक्यावरून गेलं तरी म्हणायचीस, "कुठं? मला तर नाही दिसलं बाई!" मी तुला आंधळी कोशिंबीर म्हणून चिडवायची.

काल त्या बहाव्याखाली उभी होते आणि एकदम लख्ख कळलं. तुला दिसत होती, ताई. सगळी दिसत होती. तुला लग्न नको होतं!

मांडवात उभी केली तेव्हाही तू चकार शब्द बोलली नाहीस. काऊन नाही बोललीस? निदान माझ्या कानात तरी सांगायचं! पहिल्याच बाळंतपणात गेलीस, अजून माझी वेणी घालून द्यायच्या वयात. आणि बायका अंगणात म्हणत होत्या, "भाग्याची गं, सवाष्ण गेली." जळो मेलं ते भाग्य.

भाऊजी वाईट नाहीत. त्यांना वाईट कसं म्हणू? आई चिमीला पाणी पाजायला नळावर गेली, तेव्हा ते खाली मान घालून म्हणाले, "तुमच्या मनात नसन तर सांगा. मीच नाही म्हणून देतो. तुमच्यावर बोल नाही येणार."

"आणि चिमी?"

"माही माय पोसून रायली ना." मग पायानं वाळका पाचोळा सारत म्हणाले, "तुमच्या ताईले इचारलं नव्हतं मी. इचारा लागते, हे मले ठाऊकच नव्हतं."

तिथेच माझा बांध फुटला. मलाही घरात कोणी विचारलं नव्हतं; त्यांनी विचारलं, तेव्हा कळलं की मलाही हे लग्न नको आहे. म्हटलं, "तुम्ही कायले वाईटपणा घेता? मी माझ्या तोंडानं सांगीन."

आज सकाळी सांगितलं. बाबा म्हणाले, "हिला शाळेत घातलं तेच चुकलं." आई म्हणाली, "उद्या सावत्र आई पोरीला उपाशी ठेवेल, तेव्हा बहिणीला काय तोंड दाखवशील?" ताई, काल परतताना चिमी माझ्या खांद्यावर झोपली होती, तिची लाळ अजून माझ्या चोळीवर वाळलेली आहे, आणि मी ती धुतलेली नाही. तुझा माझ्यावर राग असेल तर असू दे. मला सोसेल.

पण एवढं ऐक. मुर्री काही विलायत नाही. त्या घरात कोणीही येवो, मी दर बाजाराच्या दिवशी तुझ्या लेकीच्या दाराशी जाऊन बसेन. हाकललं तरी बसेन. ती मला मावशीच म्हणेल. आई कोण होती, ते मी तिला सांगेन. आणि पुढे कधी तिच्या लग्नाची बैठक बसली, तर चारचौघांत आधी तिला विचारायला लावेन. ती गप्प राहिली, तर त्या गप्प राहण्याला मी कोणालाही होकार म्हणू देणार नाही.

तुझी भांडकुदळ,
गोदी