एका घोंगडीपुरते पाणी सोडणेबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
बंधारे उपविभाग, सोलापूर.

विषय : लव्हाळी नदीवरील बंधाऱ्याच्या फळ्या एक सकाळ काढणेबाबत.
संदर्भ : 'सदर ठिकाणी नदी असल्याचा पुरावा जोडावा' हे आपले पत्र.

महोदय,

विनंती अर्ज करतो की, लव्हाळी नदी लहान आहे. पाहुण्यांसमोर आम्हीच तिला ओढा म्हणतो. कुंभारीकडच्या रानांतले पाणी गोळा करून आमच्या वस्तीखालच्या पाणथळीत जाऊन निजायचे, एवढेच तिचे काम. बहात्तरच्या दुष्काळात तिच्यावर आपण बंधारा बांधला व दुष्काळ संपेतो फळ्या काढू नयेत असा हुकूम दिला. त्यानंतर तीन पावसाळे झाले. दुष्काळ संपल्याचा हुकूम मात्र आलेला नाही, म्हणून चौकीदार तिप्पण्णा फळ्यांना हात लावत नाही. वरच्या बाजूला ज्वारी पाण्यात कुजते आहे, खाली पाणथळीला भेगा पडल्या आहेत.

२. माझी शेजारीण मायाक्का हिचा नवरा सिद्धाप्पा त्याच दुष्काळात मेंढ्या जगवता जगवता वारला. त्यांच्या घरची रीत अशी की, मेलेल्याची घोंगडी त्याच्या नदीच्या वाहत्या पाण्यात धुऊन लव्हाळ्यावर वाळवल्याशिवाय त्याच्या मेंढ्यांना कातर लावायची नाही. मेंढ्या आता लोकर जमिनीवर ओढत चालतात. परवा पोस्टमन लांबूनच अस्वले समजून परत गेला. आपले पुढील पत्र आले असल्यास त्याच्याकडेच असावे.

३. आपल्या ओव्हरसियरसाहेबांनी घोंगडी बादलीत धुवावी, अथवा सीना नदीवर न्यावी, असा सल्ला दिला. त्यावर मायाक्का म्हणाली, "तुमी लई शिकलाव की, साहेब. पर त्येनं जलमभर हितं मेंढरं धुतली. परक्या पाण्यात त्येला कुटं हुडकू?" साहेबांनी याची नोंद घेतली नाही, म्हणून मी घेत आहे.

४. रोज सकाळी ती खांद्यावर घोंगडी टाकून कोरड्या पात्रात येऊन बसते. पूर्वी एका दमात यायची. आता वाटेत दोनदा टेकते, आणि मी हात दिला तर घोंगडी माझ्याकडे देत नाही.

५. नदी परत द्या, असे म्हणण्याचे धाडस नाही. एक सकाळ पुरे. धुणे होताच फळ्या मी स्वतः बसवून देईन. आपणांस सवड नसल्यास विलंबाला हरकत नाही. मात्र मग घोंगड्या दोन होतील, आणि त्या घरात धुणारे कोणी उरणार नाही. त्या कामी एक शिपाई देण्यात यावा.

आपला, नदीकाठचा म्हणवणारा,
शिवलिंगप्पा रुद्रप्पा हलकुडे
मु. पो. कुंभारी, ता. ५ सप्टेंबर १९७५

सोबत : लव्हाळ्याची वाळकी काडी, एक. (पुरावा म्हणून. काम झाल्यावर परत मिळावी.)