टेकले, पण थांबले नव्हते

रवि. ७ डिसेंबर
आज क्लबचे जुने विमान माझ्या हातून सुटले. मी सुखरूप. एकट्याचे उड्डाण, अखेरचे वळण नेमके, चाके इतकी अलगद टेकली की स्वतःचाच हेवा वाटला. आणि मग क्षितिज आडवे धावू लागले! विमान गर्रकन फिरून गवतात. उजव्या पंखाचे टोक घासले, कापड फाटले. तरी हसू आवरेना.
क्लबचे प्रशिक्षक कॅप्टन धापा टाकीत आले. "उजवा हात कुठे होता तुमचा?"
"कपाळावर."

सोम. ८
काल नीट लिहिता आले नाही. आमच्या गास गावच्या घरी गाडी फाटकात शिरली की सुखरूप पोचल्याचे आभार म्हणून कपाळाला हात लावून क्रुसाची खूण करायची. वडील बैलगाडीतही करीत. चाके टेकताच हात आपणहून उठला. विमान सांभाळणारी स्टिक सुटली, पेडलवरचे पाय सैलावले, डावीकडून वारा. नव्या विमानाने कदाचित खपवून घेतले असते. शेपटीला चाक असलेले हे म्हातारे पूर्ण थांबेपर्यंत हातपाय मागते. मी बी.कॉम.; बेरीज पडताळल्याशिवाय कधी सही केली नाही. इथे थांबण्याआधीच आभार मानून मोकळा!
कॅप्टनचा निर्णय: दुरुस्तीनंतर त्यांच्यासमवेत परीक्षा. तोवर एकट्याने उड्डाण नाही, सोबत कोणी नाही. २८ला लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. ग्रेसीला वर नेणार होतो. किती मिनतवारीने हो म्हणाली होती...

बुध. १०
दादा ओट्यावरूनच ओरडला, "काय रे, बागेत कधी कुदळ धरली नाहीस, नि तिकडे विमानाने गवत नांगरून आलास!"
सगळे हसले. ग्रेसी नाही.
"त्यात मी बसणार होते," एवढेच म्हणाली.

शनि. २०
पंखाला नवे कापड. उद्या परीक्षा! रोज फाटकात सराव: दोन्ही हात स्टिअरिंगवर, इंजिन बंद, मगच खूण. आज माणिकपूरहून परतताना ग्रेसी शेजारी. फाटक आले. माझी बोटे चुळबुळली.
"हात काढू नकोस. दोघांची मी करते." आणि केली.
"म्हणजे येणार?"
"आधी कॅप्टनला खाली आणून दाखव."

रवि. २१, सकाळ
वारा पुन्हा डावीकडून. उत्तम, परीक्षा खरी व्हावी. ग्रेसी चर्चमधली पहिली मिस्सा आटोपून सोबत आली आहे, कुंपणाशी उभी. दादाचा निरोप: "गवत वाढलंय, ये नांगरून." कॅ. मागच्या आसनावर चढले, हाक मारताहेत.
वही मिटतो. दोन्ही हात लागणार आहेत.