एक ते चार सोडून

१२ नोव्हेंबर, बुधवार

शेवंती नाही! माळा, कपाट, शिलाई मशीनखाली — सगळं घर उलथंपालथं केलं. सकाळी गॅसवाला आला तेव्हा दार उघडं राहिलं. माझीच चूक! चार वर्षांत त्या मांजरीनं कधी उंबरा ओलांडला नाही. फटाका वाजला तरी पडद्यात शिरते. बाहेर कशी राहील ती?

हे म्हणाले, "मांजर आहे, येईल." ह्यांना काय! कधी हात लावला नाही. 'तुझं जनावर' म्हणतात. पोळी मात्र अर्धीच टाकून उठले. पोट बिघडलंय म्हणे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बिबवेवाडीतली एक गाडी सोडली नाही, सगळ्यांखाली वाकून बघितलं. कंबर गेली. शेवटी गेटवर पाटी लावली — 'घरातली मांजर हरवली आहे. पांढरी, शेपूट काळे. दीसताच फोन करावा. दुपारी १ ते ४ सोडून.'

शेवटचं आपोआपच लिहिलं गेलं! वीस वर्षं ब्लाउज शिवायच्या पाटीवर तेच लिहितेय.

फोन एकच आला. "बाई, 'दिसताच'मधला दि ऱ्हस्व."

"मांजर दिसली का?"

"नाही. पाटी दिसली."

मेला! रडू की हसू कळेना.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडली! सापडली! सापडली!

चार वाजून एक मिनिटानं फोन. बी विंगमध्ये नवीन राहायला आलेली शाइस्ता. "काकू, मांजर आमच्या वॉशिंग मशीनमागे बसलीय. एक वाजल्यापासून."

"अगं, मग तेव्हाच नाही का करायचास फोन!"

"पाटीवर एक ते चार नको लिहिलंय ना!"

घ्या! तीन तास माझ्या झोपेचा मान राखला पोरीनं. उद्याच ब्लाउजच्या पाटीवरचं ते एक ते चार खोडते!

धावत गेले. 'शेवंती, शेवंती' करून घसा बसला, बया ढिम्म हलेना. वर माझ्यावरच फिसकारली! शाइस्ताच्या आईनं, आबेदाबाईंनी, बांगड्याचा तुकडा पुढं केला, तरी नाही. तेवढ्यात हे आले, धापा टाकत. आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग अगदी बारीक आवाजात — "ठमाबाई, चला."

आली की! सरळ ह्यांच्या खांद्यावर!

"ठमाबाई कोण?" मी विचारलं.

"तोंडात आलं ते म्हटलं." कान लाल झाले होते.

मी तिथंच ओक्साबोक्शी रडले. आबेदाबाईंनी चहा पाजला. काय गोड माणसं आहेत!

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज एक वाजता पडले, पण झोपले नाही. नुसते डोळे मिटले. सव्वा वाजता फ्रिज उघडला. वाटी वाजली. "ठमाबाई, साय हळू खा. ती उठेल."

आणि मी दोन वर्षं, हे निवृत्त झाल्यापासून, पातळ सायीवरून दूधवाल्या सर्जेरावाला बोलतेय!

उशीत तोंड खुपसून हसले. उठले नाही. पाटीवरचं एक ते चार राहू दे.