निळं पातेलं

ता. ४ जानेवारी

चि. भट्टीबाईंना अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोनच ओळी, त्यामुळे लगेच पाठ झालं. तुझी आई गेल्यापासून शिलाईमशीन झाकूनच आहे. काल दुधाचं पातेलं गॅसवर रिकामंच तापलं. बूड निळं, कडा सोनेरी. घासून घासून हात मोडले. स्टेनलेस म्हणता आणि हे काय गं?

वाट पाहणारे,
बाबा

ता. १३ जानेवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

अहो, तो डाग नाही. दुधावर साय धरते तसा तापलेल्या स्टीलवर हवेमुळे थर धरतो. पातळ असला की सोनेरी, जाडावला की निळा. तो स्टीलला जपतो, घासू नका.

पण थराला वाढायला जागा हवी असते, म्हणून तो स्टीलशी रेटारेटी करतो. प्रयोगशाळेतल्या माझ्या भट्टीत स्टीलची एक पातळ पट्टी टांगलीय. तिच्या एकाच बाजूला थर धरतोय, त्या ताणाने ती वाकतेय. काचेतून मी तिचा बाक मोजते. भट्टी विझवली तर स्टील जास्त आकसतं, थर तेवढा आकसत नाही, आणि पापुद्रे उडतात. सगळी मेहनत पाण्यात. म्हणून येता येत नाही. जेवणही इथेच, स्टुलावर. बोलायला कोणी नाही, म्हणून एवढं लांबलं.

तुमची,
भट्टीबाई

ता. २० जानेवारी

चि. भट्टीबाईंना अनेक आशीर्वाद.

चक्क पानभर पत्र! आईच्या फोटोसमोर मोठ्याने वाचलं. आता कढई निळी झालीय, आणि एक झाकणही. त्यांचं काय?

बाबा

ता. २७ जानेवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

झाकण कोणी गॅसवर ठेवतं का? बाबा, तुम्ही विसरायला लागलात. मला फार भीती वाटतेय. दादाला कळवते. घर बंद करून त्याच्याकडे राहायला जा.

तुमची काळजीत पडलेली,
मुलगी

ता. २ फेब्रुवारी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

दादाला कळवू नकोस. मी काही विसरत नाही. भांडं मुद्दाम ठेवतो आणि समोर स्टूल टाकून बसतो. खुशाली विचारली की तुझ्या दोन ओळी येतात, पातेलं निळं झालं की पानभर. फार एकटं वाटतं गं. आणि भांडीही आता संपत आलीत.

बाबा

ता. ९ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

काल भट्टी विझवली. पापुद्रे तडतड उडत होते, मी बघत बसले. शनिवारी येतेय. एखादं पातेलं शिल्लक ठेवा, चहाला लागेल.

तुमची