गेटवरचा हिरवा फोन

१२ जून
करोनामुळे सोसायटीचं फर्मान. मोबाईलमधलं आरोग्य ॲप हिरवं दिसेल तोच गेटच्या आत. आमच्या कामवाल्या गुलाबबाईकडे साधा बटणांचा फोन, त्यात कसलं ॲप. खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला तीच उठवते, तीच न्हाऊ घालते. सौ. लॉकडाऊनमुळे नागपुरात अडकलेली. मी पुढे झालो तर आई म्हणते, "बाजूला हो बाप्पा. लेकानं आंघोळ घालायला मी अजून मेली नाही."

१३ जून
सेक्रेटरीसाहेबांना भेटलो. म्हटलं, तुमचं ॲप दाखवा बरं. "हटा दिया भाईसाहब, बैटरी बहुत खाता है." नियम कामवाल्या बायांच्या बॅटरीसाठी.

१५ जून
माझा जुना फोन, माझंच सिमकार्ड, गुलाबच्या हाती. ॲपचे प्रश्न भरले. खोकला? नाही. ताप? नाही. हिरवी! आई न्हाली. वेणी घातली. म्हणाली, "आता माणसात आली."

२० जून
बाल्कनीतून पाहिलं. गुलाब आत आली की फोन मागच्या भिंतीवरून बाहेर. तोच दाखवून पोळ्यावाली आत. मग झाडूवाली. मग खुद्द सेक्रेटरींची भांडीवाली. चौकीदार दर वेळी कपाळाला आठ्या घालून नीट तपासतो. ॲपचा एवढा प्रसार सरकारलाही जमला नसेल. गप्प बसलो. आई रोज न्हातेय.

२६ जून
फोन लाल. 'तुम्ही बाधित व्यक्तीच्या संपर्कात आला होता.' कोण 'तुम्ही'? दिवसभरात किती कमरांना खोचला जायचा तो! सगळ्या बाया गेटबाहेर. गुलाब खालून ओरडली, "भैयाजी, मतलब लाल मैं हुई कि फोन हुआ?"
फोन चौकीदारानं चिमट्यात धरून मला परत केला.
सेक्रेटरी दुरूनच, "नंबर तो आपका है जी." म्हणजे क्वारंटाईनची नोटीस आमच्या दारावर. त्यांच्या सिंकमधली भांडी कोण घासणार, ते विचारायचं राहिलं.

२७ जून
हेल्पलाईन. तपासणी केव्हा? "ॲप में देख लीजिए." ॲप म्हणतं, हेल्पलाईनला फोन करा.

२९ जून
आईच्या पाठीवर चट्टा. कूस बदलायला गेलो तर ओठ दाबून रडली. गच्चीवरच्या टाकीचं पाणी उन्हानं उकळतं, म्हणून पहाटेच बादली भरून ठेवली होती.
म्हटलं, "डोळे मिटून घालतो."
"मिटशील अन् पाडशील मले."
मग तीच म्हणाली, "फोन पाह्य ना एकदा."
पाहिला. लालच.
बादलीतलं पाणी केव्हाच निवलंय.